अकोल्याच्या मांडवात माझं तमिळ

मी लोकांना इंग्रजी बोलायला शिकवतो आणि त्यावर माझं घर चालतं. त्यामुळे माणूस भाषा नेमका शिकतो कसा, हे मला अजिबात माहीत नाही, ही गोष्ट चारचौघांत फुटू नये अशी माझी साधी अपेक्षा होती. ती फुटली. अकोल्यात, एका मंगल कार्यालयात, माईकवरून.

अमरावतीला साईनगरात माझा क्लास आहे. बाहेर 'फाडफाड इंग्रजी' असा बोर्ड आहे आणि त्यावर टाय लावलेला माझा फोटो आहे. (टाय फोटोवाल्याचा होता.) मी मूळचा मोर्शीकडचा, संत्र्याच्या बगिच्यात वाढलेला. इंग्रजीशी माझी गाठ पडली ती शाळेत, आणि ती सोडवता सोडवता अर्धं आयुष्य गेलं. पण क्लासमध्ये मी पोरांना छाती ठोकून सांगायचो, "भाषेले घाबराचं काय हाय? एक आली का बाकीच्या आपोआप येतात!" पोरं लिहून घ्यायची.

आमचा मुलगा निखिल कोईमतूरला सूतगिरणीच्या यंत्रांच्या कंपनीत आहे. त्याची बायको सेल्वी तिथलीच. त्यांची मुलगी कयल. तीन वर्षांची, केस कुरळे, डोळे एवढाले. कयल हे तिकडच्या एका माशाचं नाव, आणि सुंदर डोळ्यांना तमिळ लोक त्याची उपमा देतात, असं सेल्वीनं मला सांगितलं होतं. नाव छानच होतं. पण आमच्या वऱ्हाडात 'ळ' कोणी फारसा वापरत नाही. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते आणि 'कळलं'चं होतं 'कयलं'. त्यामुळे निखिल पोरीला घेऊन आला त्याच सकाळी शेजारच्या वानखडे भाऊंशी माझा असा संवाद झाला:

"पोट्टीचं नाव काय ठेवलं सर?"

"कयल."

"काय कयलं?"

"नाव. कयल."

"हाव, पण मले कुठी कयलं? सांगसान तवा कयन ना!"

शेवटी त्यांनी तिचं नाव परस्पर 'कैलास' ठेवलं आणि विषय संपवला.

पोरगी आमच्याकडे आली होती कारण सेल्वीला दुसरं बाळ होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. तिची आई तिच्या उशाशी होती, निखिलची दवाखान्याची धावपळ होती, आणि तीन वर्षांच्या पोरीला घरात धरून ठेवणं कोणालाच जमत नव्हतं. बाळ होईपर्यंत ती आमच्याकडे राहणार असं ठरलं. अडचण एकच होती. तिला फक्त तमिळ यायचं. आणि आम्हाला तमिळ सोडून बाकी सगळं यायचं.

निखिल दोन दिवस राहून परत गेला. त्या संध्याकाळी सेल्वीचा फोन आला. ती नि मी इंग्रजीत बोलतो. एरवी ती हसरी आहे, पण त्या दिवशी तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"पप्पा, ती परत येईल तेव्हा माझ्याशी बोलेल ना? तमिळ विसरली तर? मी तिला काय म्हणते तेच तिला समजलं नाही तर?"

मला एकदम गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मी काहीतरी कबूल करून बसतो. "अजिबात काळजी करू नकोस," मी म्हटलं, "मी तिच्याशी रोज तमिळ बोलेन."

"तुम्हाला तमिळ येतं?"

"येईल. महिन्याभरात."

पलीकडून तिनं दोनदा नुसतं "हॅलो? हॅलो?" म्हटलं. नेटवर्क गेलं असावं असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कयल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पाल वेणुम."

माझी बायको शोभा पालीला घाबरते. वाघ आला तर ती त्याला बसायला पाट देईल, पण पाल म्हटलं की ती खुर्चीवर चढते. ती चढली.

"अवो! पाल हाय म्हणते पोट्टी! पाहा ना कुठी हाय!"

मी खराटा घेऊन आलो. ओट्याखाली पाहिलं, सिलिंडरमागे पाहिलं. कयल माझ्या मागे मागे फिरत होती आणि दर थोड्या वेळानं, अधिकाधिक रडवेल्या आवाजात, "पाल! पाल!" म्हणत होती.

"घाबरलं लेकरू," शोभा वरून म्हणाली. "तुमी फ्रिज सरकवा."

मी फ्रिज सरकवला. पोरगी फ्रिजला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. "फ्रिजच्या मांगंच हाय!" शोभा किंचाळली. वानखडे भाऊ आवाज ऐकून काठी घेऊन आले. त्यांनी आल्या आल्या फ्रिजच्या मागे काठी घातली आणि प्लग उपसून काढला. अंधार पडला तेव्हा घरातले तीन मोठे लोक घामाघूम झाले होते, पाल सापडली नव्हती, आणि पोरगी उपाशी रडत होती.

शेवटी निखिलला फोन लावला. "बाबा," तो म्हणाला, "पाल म्हणजे दूध."

दूध फ्रिजमध्ये होतं. आम्ही फ्रिज हलवला, मागून पाहिला, खालून पाहिला. उघडून मात्र कोणी पाहिला नव्हता. (सेल्वीला हा प्रकार कळल्यावर ती इतकी हसली की तिच्या आईनं फोन काढून घेतला. डॉक्टरांनी हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण आईला धोका पत्करायचा नव्हता.)

त्यानंतर आम्ही सावध झालो. फार सावध झालो, हीच चूक झाली. शोभानं शेवयाची खीर केली, वाटी पुढे धरली आणि विचारलं, "खाते का माय?" पोरीचा चेहरा उजळला. ती जोरजोरात मान हलवत म्हणाली, "आमा! आमा!"

शोभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आईची आठवण आली वो लेकराले! खीर पाहून अम्मा आठवली!" तिनं वाटी बाजूला ठेवली, पोरीला पोटाशी धरलं, मी घाईघाईनं सेल्वीला व्हिडिओ कॉल लावला. कयल आईकडे पाहीना. ती शोभाच्या काखेतून मान काढून वाटीकडे पाहत होती आणि आक्रोश करत होती, "आमा! आमा!" शोभा रडत होती. मीही डोळे पुसले. सेल्वीनं काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि थकलेल्या आवाजात सांगितलं, "पप्पा, आमा म्हणजे हो. तिला खीर द्या."

मग मात्र मी गंभीरपणे तमिळ शिकायला बसलो. फोनवर एक ॲप घेतलं. ते मला रोज सकाळी वाक्यं शिकवायचं आणि बरोबर म्हटलं की टाळ्या वाजवायचं. एवढ्या टाळ्या मला आयुष्यात कोणी दिल्या नव्हत्या. पहिल्या आठवड्यात मी एक अस्सल वाक्य तयार केलं: "कुदिरै आप्पिळ साप्पिडुगिरदु." घोडा सफरचंद खातो. मी ते आरशासमोर म्हटलं, शोभासमोर म्हटलं, ("खाऊ द्या ना मंग," ती म्हणाली.) आणि एका सकाळी चहा पिता पिता सहज टाकल्यासारखं कयलसमोर म्हटलं.

तिनं बिस्कीट खाली ठेवलं. डोळे विस्फारले. "कुदिरै?" ती म्हणाली. "कुदिरै एंगे?"

घोडा कुठे आहे?

ती खिडकीशी धावली. मग गॅलरीत. मग पायऱ्या उतरून फाटकापर्यंत. मागचं दार उघडायला लावलं. मोरीत वाकून पाहिलं. मी मागे मागे जात "नाही, म्हणजे, हे फक्त वाक्य आहे," असं तिला इंग्रजीत समजावत होतो. घोडा कुठेच नाही असं कळल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला आयुष्यभर आठवेल. आणि मग रडायला लागली.

त्या दिवशी क्लासमध्ये माझं शिकवण्यात लक्ष लागलं नाही. इतकी वर्षं मी पोरांकडून घोकून घेत होतो, 'हे टेबल आहे, ती खिडकी आहे'. त्यांच्यातल्या एकानंही कधी मान वळवून खिडकीकडे पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. आणि या पोरीला मी घोडा म्हटलं तर तिला घोडा दिसला पाहिजे होता, सफरचंदासकट!

पुढच्या रविवारी कढी होती. शोभानं बोटावर थोडी घेऊन तिच्या तोंडाशी नेली. "कढी घे माय. कढी." आमच्याकडे 'ढ' इतका कष्टानं कोणी म्हणत नाही, तो 'कडी'च ऐकू येतो. कयलनं आधी बोटाकडे पाहिलं, मग आजीच्या तोंडाकडे पाहिलं. तिला खात्री वाटत नव्हती.

"अवं कडी! कडी!" शोभानं आग्रह केला.

पोरगी चावली.

शोभा ओरडली. "अवं माय! कडी म्हणलं मी, कडी!"

पोरगी पुन्हा चावली, या वेळी नीट, दात रोवून. तमिळमध्ये 'कडी' म्हणजे 'चाव'. लेकराचा काही दोष नव्हता. तिला वाटलं असेल, आजीला फारच हौस दिसते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यानंतर एक गोष्ट अशी घडली की आमचं हसणं थांबलं. कयल माझ्याशी बोलेनाशी झाली. आली तेव्हा तिची तमिळ बडबड दिवसभर चालायची, ती हळूहळू माझ्यापुरती आटली. मी तमिळ बोलायला लागलो की ती ओठ मिटून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायची. मी जास्त बोललो की ती बाहेर वानखडे भाऊंच्या नातवंडांत पळून जायची. मी फोन धरून शेजारी बसलो की आईकडेही नुसती पाहत राहायची. सेल्वी विचारायची, "पप्पा, ती गप्प का आहे?" आणि मी खोटंच म्हणायचो, "झोपेत आहे."

"माह्यासंगं तं बोलते थोडंथोडं," शोभा म्हणायची. "'हाव' म्हणते मले."

"हाव म्हटलं म्हणजे भाषा आली का?" मी खेकसायचो. मला आतून भीती वाटत होती. तिची भाषा सांभाळायचा शब्द मी दिला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती मुकी होत होती. मी घाबरून ॲपवर दुप्पट वेळ बसायला लागलो. टाळ्याही दुप्पट मिळायला लागल्या.

अशात शोभाच्या भाचीचं लग्न आलं, अकोल्याला. आम्ही सकाळीच गाडीनं निघालो. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, कयल खिडकीतून बाहेर पाहत होती, तोंडातून चकार शब्द नाही. कार्यालयात नेहमीची गर्दी होती. मुहूर्त जवळ आला, अक्षता वाटायला सुरुवात झाली. मी अक्षता घ्यायला हात पुढे केला, म्हणजे कयलचं बोट सोडलं. अक्षता मुठीत घेतल्या आणि खाली पाहिलं तर बोट नव्हतं. कयलही नव्हती.

"पोट्टी कुठी हाय?" शोभानं विचारलं.

कार्यालयाचं फाटक उघडं होतं आणि बाहेर रस्त्यावर ट्रक, ऑटो, मोटारसायकली. शोभा बायकांच्या बाजूला धावली, तिचा भाऊ बंडू फाटकाकडे धावला. दोन-तीन जण "ए बाई, ए पोरी" करत फिरायला लागले. मी ओरडलो, "मराठीत हाक मारून काय उपयोग? तिला कळत नाही!"

"मंग तुमी मारा ना तमिळमंधी!" बंडू फाटकातून ओरडला. "तुमाले येते ना!"

खरंच की! त्या क्षणी अख्ख्या अकोल्यात तमिळ येणारा माणूस मीच होतो. मी मांडव ओलांडून स्टेजवर चढलो. तिथे मंगलाष्टकं रंगात आली होती. नवरदेवाच्या मावशीनं ती स्वतः रचली होती आणि स्वतःच गात होती. एक माईक तिच्या हातात होता. दुसरा मोकळा पडला होता, तो मी उचलला.

"कयल!" मी गरजलो. "इंगे वा! शीक्रम वा! वा! वा!"

याचा अर्थ, 'इकडे ये, लवकर ये, ये, ये.' मी महिनाभर घोकलेलं, टाळ्या मिळवलेलं तमिळ होतं ते. पण अकोल्याच्या मांडवात 'वा' म्हणजे 'वा'च. मावशीनं गाता गाता माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा फुलला. एवढ्या लग्नांत गायली, पण माईक घेऊन दाद देणारा रसिक तिला पहिल्यांदाच भेटला होता. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि तेच कडवं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.

"वा! वा! कयल, वा!" मी पुन्हा ओरडलो.

"वा! वा!" पुरुषांच्या बाजूनंही दोघा-चौघांनी साथ दिली. वरपक्षाला वाटलं, वधूपक्षाकडे अशी पद्धत असेल. मावशी आणखी वरच्या पट्टीत गेली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले आणि तो खाली यायला लागला. नवरदेव-नवरी एकमेकांना मुहूर्ताआधीच पाहून हसायला लागले. मागच्या रांगेतल्या काही जणांनी संपलं समजून अक्षता टाकून दिल्या आणि ते जेवायला निघाले. "शीक्रम! शीक्रम!" मी जीव तोडून ओरडत होतो. एक म्हातारबा शेजाऱ्याला म्हणाले, "शिकरण हाय म्हणते जेवाले. चाल लवकर." गुरुजी मला हातानं थांबवत होते, आणि मी त्यांच्या अंगावरून "बयप्पडादे! बयप्पडादे!" असं गर्दीला बजावत होतो. त्याचा अर्थ 'घाबरू नकोस' असा आहे. गर्दी घाबरली.

तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी हललं. स्टेजच्या खाली झालर लावलेली होती. ती झालर वर झाली आणि आतून आधी झेंडूची माळ आली, मग कुरळे केस आले, मग कयलचं तोंड आलं. तिच्या मागे आणखी पाच-सहा पोरांची तोंडं होती. खाली त्यांचं स्वतंत्र लग्न चाललं होतं. कयलनं कंबरेवर हात ठेवले, माझ्याकडे वर पाहिलं आणि म्हणाली,

"अवो, काहून बोंबलून राहिले तुमी? म्या इथंच हाय ना! तुमाले कितीदा सांगतलं, बसा बरं एका जागी चुपचाप!"

माईक माझ्या हातात खाली लोंबत होता, बरोब्बर तिच्या तोंडासमोर. ते वाक्य सगळ्या मांडवात घुमलं, बाहेर ट्रकवाल्यांपर्यंत गेलं असेल.

मावशी गायची थांबली. गुरुजी थांबले. सगळे पाहुणे एकाच वेळी वळले, आणि माझ्याकडे नाही, शोभाकडे पाहायला लागले. कारण शब्द शोभाचे होते, हेल शोभाचा होता, कंबरेवरचे हातसुद्धा शोभाचे होते. आमच्या घरात मला दिवसातून किती वेळा काय ऐकवलं जातं, हे दोन्ही पक्षांच्या पाहुण्यांना एका वाक्यात समजलं. शोभानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला अजून माहीत नाही.

मी मात्र खाली बसलो. स्टेजवरच बसलो. नवरा-नवरीच्या पायांशी, सांडलेल्या अक्षतांत. हसण्याचा एवढा गदारोळ चालला होता, पण मला तो ऐकू येत नव्हता. मी त्या पोरीकडे पाहत होतो. तिला हे कोणी शिकवलं? कोणीही नाही. कोणी तिला वाक्य म्हणून दाखवलं नव्हतं, कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. झालरीखालच्या एका पोरीनं मला वर सांगितलं, "आजोबा, हे तं लय बोलते. आमाले सगळ्याइले हेच हुकूम देऊन राहिली होती."

परतताना कयल गाडीत माझ्या मांडीवर बसली आणि बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. वऱ्हाडीत! "आबा, थे बकरी काहून उभी हाय?" "आबा, थो बुढा कुठी जाऊन राहिला?" बकरी आली की 'उभी', म्हातारा आला की 'राहिला', आणि मला सांगताना 'राहिले'. माझ्याशी आदरानं! झापलं तेसुद्धा आदरानं होतं. माझ्या क्लासमधली पदवीधर पोरं सहा-सहा महिने इंग्रजीतल्या 'ही' आणि 'शी' यांच्यात अडखळतात, मी स्वतः अजून इंग्रजीतलं प्रत्येक वाक्य मनात एकदा तपासून मग तोंडाबाहेर काढतो. आणि हिला काही तपासावं लागत नव्हतं. ती पाण्यात मासा जावा तशी चालली होती.

"अवं, मंग तू माह्यासंगं काहून बोलत नव्हती?" मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "तुमी तसं बोलता ना," ती म्हणाली. "तसं मले येत नाई."

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या जगात प्रत्येक माणसाची एकेक बोली होती. आजीची एक, वानखडेंच्या नातवंडांची तीच. अम्माची दुसरी. आणि आबाची तिसरीच काहीतरी होती, जी जगात कोणीच बोलत नव्हतं. ती बिचारी गप्प राहून तीही शिकायचा प्रयत्न करत होती! म्हणून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायची. मुकी तिला मीच केली होती, महिनाभर मेहनत घेऊन.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा सेल्वीचा फोन आला. वऱ्हाडी आली, म्हणजे तमिळ गेलं असणार, असं माझ्या मास्तरी डोक्याला वाटत होतं. एक आत शिरली की दुसरी बाहेर पडते, दुसरं काय होणार? कयलनं फोन हिसकून घेतला. "अम्मा!" ती किंचाळली, आणि तिनं सगळं लग्न आईला सांगितलं. तमिळमध्ये. भरभर, हातवारे करून, मावशीच्या गाण्याची नक्कल करून. मला त्यातले दोनच शब्द कळले, 'तात्ता' आणि 'वा वा'. तात्ता म्हणजे आजोबा. सेल्वी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मधेच पोरगी माझ्याकडे वळली. "आबा, सरका ना जरा, अम्माले बकरी दाखवाची हाय." आणि लगेच पुन्हा फोनकडे वळून तमिळ. कुठे ठेच नाही, कुठे सांधा नाही. दोन घरांच्या मधलं दार असावं आणि ते तिच्यासाठी सताड उघडं असावं, तसं.

मी चहा हातात घेऊन उभा राहिलो तो थंड होईपर्यंत उभाच होतो. मलाही कधीतरी अशीच एक भाषा आली असणार. मोर्शीकडच्या त्या बगिच्यात, कोणी न शिकवता, खेळता खेळता. तेव्हा माझ्याकडे पाहून असं थक्क व्हायला कोणाला वेळ नव्हता, एवढंच.

पुढे सगळं सुखरूप झालं. सेल्वीला मुलगा झाला, दोघंही ठणठणीत. बारशाला आम्ही कयलला घेऊन कोईमतूरला गेलो. तोपर्यंत मी एक गोष्ट जिद्दीनं केली होती. सेल्वीच्या वडिलांसाठी तमिळमध्ये एक छोटं भाषण पाठ केलं होतं. 'तुमच्या लेकीनं आमच्यावर विश्वास ठेवला, आमचं घर भरून गेलं, तुमचे आभार.' या वेळी ॲपवर नाही, निखिलकडून रोज फोनवर घोटून घेतलं होतं.

सेल्वीचे वडील लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसून दारात उभे होते. फार सज्जन माणूस. मी हात जोडले, डोळे मिटले आणि एकही शब्द न विसरता सगळं म्हटलं. ते डोकं किंचित झुकवून, शेवटपर्यंत, मन लावून ऐकत राहिले. मग त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्रजीत म्हणाले, "किती गोड भाषा आहे हो तुमची मराठी! मला एक अक्षर कळलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं."

निखिलनं मान फिरवली. शोभा बाळाकडे पाहायला आत गेली. कयल मात्र पुढे झाली, तिकडच्या आजोबांची वेष्टी ओढून तिनं त्यांना तमिळमध्ये काहीतरी समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

"काय सांगतलं वं त्याइले?" मी हळूच विचारलं.

"काई नाई," कयल म्हणाली. "म्या म्हणलं, आबाले बोलता येत नाई अजून. लहान हायेत थे."